पाळी अजून येतेय म्हणून मेनोपॉजचं डिप्रेशन नाही, असं समजू नका

46-47 वर्षांची बाई डॉक्टरकडे जाते आणि सांगते की कशातच मन लागत नाही, उगाच रडू येतं, रात्री मधेच जाग येते ती येतेच, आणि घरच्यांवर इतकी तडकते मी की नंतर माझं मलाच वाईट वाटतं. डॉक्टर विचारतात पाळी येते का? ती म्हणते येते, थोडी मागेपुढे होते पण येते. मग अजून मेनोपॉज नाहीये, टेन्शन कमी घ्या, असं म्हणून एखादं टॉनिक लिहून दिलं जातं आणि ती घरी येते. आता तिला वाटायला लागतं की शरीरात काही बिघाड नाही म्हणतायत म्हणजे आपलाच स्वभाव खराब झालाय, आपणच कुठेतरी कमी पडतोय.

सगळी गडबड इथेच होते. मेनोपॉजशी जोडलेल्या डिप्रेशनचा धोका सगळ्यात जास्त असतो तो पाळी कायमची थांबल्यावर नाही, तर थांबायच्या आधीच्या काही वर्षांत, जेव्हा ती येत असते पण तिचं वेळापत्रक बिघडलेलं असतं. या काळाला पेरिमेनोपॉज म्हणतात आणि नेमका हाच काळ कुणी हिशोबात धरत नाही, ना घरचे, ना ती स्वतः, आणि बरेचदा डॉक्टरही नाही.

आधी हा हिशोब नीट समजून घेऊ. शेवटची पाळी येऊन सलग 12 महिने गेले आणि मधे एकदाही आली नाही की मेनोपॉज झाला असं म्हणतात, म्हणजे तो झालाय हे कळतंच वर्षभराने. बहुतेक बायकांमध्ये हे 45 ते 55 या वयात होतं, 40 च्या आधी झालं तर ते अकाली धरतात आणि त्याच्या तपासण्या वेगळ्या कराव्या लागतात. पेरिमेनोपॉज त्याच्या आधी साधारण चारेक वर्षं चालतो, पण कुणाचा पटकन उरकतो तर कुणाचा सात-आठ वर्षं रेंगाळतो. सुरुवातीची खूण अशी की दोन पाळ्यांमधलं अंतर वारंवार 7 किंवा त्याहून जास्त दिवसांनी कमीजास्त व्हायला लागतं, आणि पुढच्या टप्प्यात मग 60-60 दिवस पाळीच येत नाही. पण ज्यांचं गर्भाशय काढलंय आणि ओव्हरीज म्हणजे अंडाशय तसेच ठेवलेत, किंवा ज्यांनी गर्भाशयात कॉपर-टीसारखीच पण हार्मोन सोडणारी वस्तू बसवलीय, त्यांना ही खूण दिसतच नाही. त्यांचा पेरिमेनोपॉज गुपचूप येतो आणि गुपचूप जातो, मूड तेवढा जागेवर नसतो, त्यामुळे अशा बायकांनी तर जास्तच लक्ष ठेवायला हवं.

आता आत काय चाललेलं असतं ते बघू. आपल्याला साधारण असं वाटतं की वय वाढलं की ओव्हरीजमध्ये बनणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन हळूहळू कमी होत जातं आणि कमी झालं म्हणून त्रास होतो. तसं सरळ नसतं ते. ओव्हरीज थकत आलेल्या असतात, मेंदू त्यांना जास्त जोरात सिग्नल पाठवत राहतो, मग कधी त्या प्रतिसादच देत नाहीत आणि कधी एकदम भरमसाठ इस्ट्रोजेन तयार करतात, इतकं की तरुणपणीही नसायचं, आणि दोन आठवड्यांनी ते धाडकन खाली येतं. जिना उतरताना सगळ्या पायऱ्या सारख्या असतील तर माणूस न बघताही उतरतो, पण एक उंच, एक बुटकी, एक मधेच नाहीच, असं असेल तर पाय मुरगळणारच. त्रास उतरण्याचा कमी आणि पायऱ्यांच्या बेभरवशाचा जास्त असतो. आणि म्हणूनच पाळी पूर्ण थांबून काही काळ गेला, इस्ट्रोजेन खालच्या पातळीवर का होईना पण स्थिर झालं, की बऱ्याच जणींचा मूड सावरतो.

इस्ट्रोजेनचं काम फक्त गर्भाशयापुरतं नाही हे लक्षात घ्या. मेंदूच्या ज्या भागांत भावना, झोप, लक्ष लागणं, आठवणी या गोष्टी सांभाळल्या जातात तिथे सगळीकडे त्याला धरून ठेवणारे रिसेप्टर्स आहेत, आणि सेरोटोनिन, डोपामिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन ही जी मूडशी संबंधित रसायनं आहेत त्यांच्या कामात त्याचा हात असतो. दुसरं हार्मोन प्रोजेस्टेरॉन, त्याच्यापासून शरीरात अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन नावाचा पदार्थ बनतो, तो मेंदूच्या गाबा यंत्रणेवर काम करतो, म्हणजे मेंदूला शांत करणारा ब्रेकच म्हणा. पेरिमेनोपॉजमध्ये बऱ्याच महिन्यांत अंडं बाहेर पडतच नाही, त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन फारसं बनत नाही आणि हा ब्रेकही नीट लागत नाही. कारण नसताना छातीत धडधडणं, सारखी धाकधूक वाटणं, छोट्या गोष्टीचा राईचा पर्वत होणं, यात याचाही वाटा असू शकतो.

मग लगेच प्रश्न येतो की हार्मोनची टेस्ट करून घेऊ का. 45 च्या पुढे बहुतेक वेळा त्याचा उपयोग नसतो. पातळी आज एक आणि पुढच्या आठवड्यात भलतीच, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून पेरिमेनोपॉज नाही असं ठरत नाही. पाळीचा इतिहास आणि लक्षणं यावरूनच निदान होतं. हे सांगायचं कारण असं की नॉर्मल रिपोर्ट हातात पडला की अनेक जणी स्वतःच्या त्रासावरचाच विश्वास घालवून बसतात.

हे सगळं नुसतं अंदाजाने बोलत नाहीत लोक. 2006 मध्ये अमेरिकेत दोन अभ्यास प्रसिद्ध झाले, एक हार्वर्डचा आणि एक पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीचा. दोन्हींमध्ये अशा बायका घेतल्या होत्या ज्यांना आधी आयुष्यात कधी डिप्रेशन झालेलं नव्हतं. हार्वर्डच्या अभ्यासात दिसलं की पेरिमेनोपॉजमध्ये शिरलेल्यांना डिप्रेशनची लक्षणं दिसण्याची शक्यता, त्याच वयाच्या पण अजून त्यात न शिरलेल्यांपेक्षा साधारण दुप्पट होती. पेनसिल्व्हेनियाच्या अभ्यासात त्याच बायका आठ वर्षं तपासत राहिले आणि लक्षात आलं की हार्मोन्सचे चढउतार जितके जास्त तितका मूडचा त्रास जास्त. 2024 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी वेगवेगळ्या देशांतले सात अभ्यास, मिळून 9,141 बायकांची माहिती एकत्र केली, त्यात पेरिमेनोपॉजमध्ये डिप्रेशनचा धोका त्याआधीच्या काळापेक्षा सुमारे 40 टक्के जास्त निघाला, आणि मेनोपॉज होऊन गेलेल्या बायकांमध्ये मात्र तसा ठळक फरक निघाला नाही.

पण घाबरू नका, कारण याचा अर्थ प्रत्येकीला डिप्रेशन होतं असा बिलकुल नाही. बहुतेक बायका या काळातून थोड्याफार कुरबुरीसह पार पडतात. एकेकाळी मानसोपचारात या वयातल्या उदासीसाठी एक वेगळाच आजार मानला जायचा, जणू पाळी जाणं म्हणजे बाईचं मन जाणं. 1980 मध्ये अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेने आपल्या नव्या यादीतून तो काढून टाकला कारण त्या वयातलं डिप्रेशन इतर डिप्रेशनपेक्षा वेगळं काही दिसत नव्हतं. ते बरोबरच होतं, पण त्यातून लोलक दुसऱ्या टोकाला गेला आणि हार्मोन्सचा काही संबंधच नाही असं बोललं जाऊ लागलं. खरं या दोन्हींच्या मधे आहे. काही बायकांचा मेंदू हार्मोनच्या चढउतारांना जास्त संवेदनशील असतो, सगळ्यांचा नाही.

कुणाला जास्त सांभाळायला हवं? ज्यांना आधी कधी डिप्रेशन होऊन गेलंय त्यांना सगळ्यात आधी, यात दुमत नाही. ज्यांना पाळीच्या आधीच्या आठवड्यात मनाचा फार त्रास व्हायचा, किंवा बाळंतपणानंतर डिप्रेशन आलं होतं, त्याही. दोन्ही ओव्हरीज ऑपरेशनने काढल्या असतील तर हार्मोन्स एका दिवसात कोसळतात, शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही, त्यांना त्रास जास्त होऊ शकतो. आणि ज्यांच्यावर याच काळात आयुष्याचा मोठा घाव पडलाय, कुणाचं जाणं, घटस्फोट, नोकरी जाणं, आजारी माणसाची वर्षानुवर्षं सेवा, त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी मार बसतो. हे हार्मोन्समुळे की परिस्थितीमुळे असा वाद घालत बसण्यात मला काही अर्थ वाटत नाही, दोन्ही एकाच बाईला एकाच वेळी होत असतं.

झोपेबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण माझ्या मते इथे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. रात्रीचे तीन वाजलेत, मानेखालून घाम ओघळतोय, उशीचा अभ्रा ओला झालाय, पांघरूण लाथेने बाजूला केलं की पाच मिनिटांत थंडी वाजते म्हणून परत ओढलं, तोवर छाती धडधडायला लागलीय आणि डोकं सुरू झालंय, उद्याचं काम, दहा वर्षांपूर्वी कुणीतरी बोललेलं वाक्य, आईची तब्येत, सगळं एकदम. पहाटे कुठे डोळा लागतो आणि अलार्म वाजतो. असं आठवड्यातून चार-पाच रात्री, महिनोन् महिने. कुठल्याही वयाच्या धडधाकट माणसाला असं झोपेतून उठवत राहिलं तर त्याचंही मन खचेल. या घामाच्या आणि गरम वाफांच्या लाटा, हॉट फ्लॅशेस, मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्रातून येतात. इस्ट्रोजेन कमी झालं की तिथल्या काही पेशी जास्त उत्तेजित होतात आणि शरीर तापलेलं नसतानाही ते थंड करायची धडपड सुरू होते. आणि हे दोन-चार महिन्यांचं नसतं, अमेरिकेतल्या स्वान नावाच्या मोठ्या अभ्यासात, ज्यांना या लाटा वारंवार येत होत्या त्यांच्यातल्या निम्म्या जणींना तो त्रास 7.4 वर्षं किंवा त्याहून जास्त चालल्याचं दिसलं. म्हणून कुणी डिप्रेशनच्या उपचाराला आली असेल आणि तिला रात्रीच्या घामाबद्दल कुणी विचारलंच नाही, तर उपचार अर्धाच झाला. उलटंही तितकंच खरं, झोप मोडत नसतानाही डिप्रेशन येऊ शकतं.

आता मूड जाणं आणि डिप्रेशन यात फरक कसा करायचा. वाईट दिवस सगळ्यांनाच येतात, येतात आणि जातात, मधे एखादी आवडीची गोष्ट घडली तर हसूही येतं. डिप्रेशन म्हणतात तेव्हा किमान दोन आठवडे, जवळपास रोज, दिवसातला बहुतेक वेळ मन उदास असतं किंवा कशातच रस वाटत नाही, या दोन्हींपैकी एक तरी असायलाच हवं, आणि सोबत झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा सारखी अस्वस्थता, स्वतःला दोष देणं, मरणाचे विचार अशांपैकी बऱ्याच गोष्टी मिळून एकूण पाच तरी लक्षणं असतात आणि रोजचं काम अडायला लागतं. पीएचक्यू-9 नावाची नऊ प्रश्नांची एक साधी प्रश्नावली असते, 27 पैकी स्कोअर येतो, 10 किंवा वर आला तर डॉक्टरशी बोलायलाच हवं असं समजा. ती निदान करत नाही पण "मला काहीतरी होतंय" हे सांगायला आकडा हातात देते, आणि सांगताना ज्यांचे शब्द घशात अडकतात त्यांना त्याचा फार आधार होतो.

मात्र या वयात डिप्रेशन नेहमी रडवेल्या चेहऱ्याने येत नाही. बरेचदा ते रागाच्या रूपात येतं. आयुष्यभर शांत असलेली बाई एक भांडं जागेवर नाही म्हणून किंचाळते, आणि सगळे म्हणतात हिला झालंय काय. कधी ते सुन्नपणाच्या रूपात येतं, मुलगी पहिल्या पगाराची बातमी सांगतेय आणि आपल्याला आतून काहीच वाटत नाहीये, चेहऱ्यावर हसू मुद्दाम आणावं लागतंय. कधी अंगदुखी, डोकेदुखी, पोटाच्या तक्रारी, सगळे रिपोर्ट चांगले. आणि विसरभोळेपणा तर इतका की मीटिंगमध्ये रोज भेटणाऱ्या सहकाऱ्याचं नाव आठवत नाही, मग मनात येतं की स्मृतिभ्रंश तर सुरू झाला नाही ना. पेरिमेनोपॉजमध्ये डोकं असं धुकट होणं खूप कॉमन आहे आणि बहुतेकींमध्ये पुढे सुधारतं, तेव्हा एवढ्यावरून तिथपर्यंत विचार नेऊ नका, पण डॉक्टरला सांगा जरूर.

एक गोष्ट मात्र थांबवून ठेवायची नाही. जगू नये असं वाटणं, आपण नसलो तर सगळ्यांचं बरं होईल असे विचार येणं, हे हार्मोन्सचं आहे जाईल आपोआप असं म्हणून सोडून द्यायचं नाही. त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, एकटं राहू नका, आणि तातडीच्या सेवेला किंवा जवळच्या हॉस्पिटलला गाठा. आणि कुणी तुम्हाला असं सांगितलं तर उपदेश न करता ऐका आणि सोबत जा. जीव द्यावासा वाटतो का असं थेट विचारल्याने ते विचार डोक्यात घातले जातात ही समजूत चुकीची आहे, विचारल्याने उलट बोलायची वाट मोकळी होते.

उपचाराआधी काही साध्या तपासण्या आवर्जून करा. थायरॉईड कमी असेल तर थकवा, उदासी, वजन वाढणं सगळं हुबेहूब असंच दिसतं. या काळात काहींना पाळीत रक्तस्राव फार होतो, त्यातून हिमोग्लोबिन आणि लोह खाली जातं आणि मग उठायची ताकद राहत नाही. बी-12 ची कमतरताही बघतात. हे सापडलं तर दुरुस्त करणं सोपं असतं, पण हे सापडलं म्हणजे डिप्रेशन नाही असा निष्कर्ष काढू नका, दोन्ही एकत्र असू शकतात.

आता औषधांचा सगळ्यात वादाचा भाग, डिप्रेशनच्या गोळ्या की हार्मोन्स? जे पक्कं डिप्रेशन आहे, त्यातही आधी होऊन गेलेलं परत आलंय, तिथे पहिली निवड डिप्रेशनची नेहमीची औषधं आणि समुपदेशनच, म्हणजे सायकोथेरपी. 2018 मध्ये अमेरिकेतल्या मेनोपॉजच्या आणि डिप्रेशनच्या तज्ज्ञ संस्थांनी मिळून हेच सांगितलं. यातल्या काही गोळ्यांनी हॉट फ्लॅशेसही कमी होतात हा वरचा फायदा. दुसरीकडे, मूड खाली आहे पण डिप्रेशनच्या निदानात बसत नाही, सोबत घाम, झोपमोड, पाळीची गडबड सगळं चालू आहे, अशा वेळी ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की हार्मोन थेरपीचा, म्हणजे इस्ट्रोजेनसारखी हार्मोन्स औषध म्हणून देण्याचा विचार करा, निव्वळ मेनोपॉजमुळे आलेल्या अशा उदासीवर डिप्रेशनच्या गोळ्यांचा फायदा होतो असा स्पष्ट पुरावा नाही. म्हणजे निदान काय झालंय यावर औषध ठरतं, आणि म्हणूनच पाच मिनिटांत गोळी लिहून देणाऱ्यापेक्षा नीट विचारणारा डॉक्टर शोधा असं मी कळकळीने सांगेन. इस्ट्रोजेनच्या त्वचेवर चिकटवायच्या पट्ट्यांनी पेरिमेनोपॉजमधलं डिप्रेशन कमी होतं असं छोट्या पण चांगल्या चाचण्यांत दिसलंय, मेनोपॉज होऊन बरीच वर्षं गेल्यावर मात्र तसा परिणाम दिसत नाही. चढउतार चालू असतानाच इस्ट्रोजेन उपयोगी पडतंय असं दिसतं, त्यामुळे वेळेवर लक्षात येणं इतकं महत्त्वाचं.

हार्मोन्स म्हटलं की कॅन्सरची भीती येते. 2002 मध्ये अमेरिकेत एक फार मोठी चाचणी मधेच थांबवली गेली कारण इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध) एकत्र घेणाऱ्यांमध्ये स्तनाचा कॅन्सर आणि हृदयाचे काही त्रास थोडे वाढलेले दिसले, आणि जगभर बायकांनी रातोरात औषधं सोडली. त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं, म्हणजे बहुतेकींचा मेनोपॉज होऊन बरीच वर्षं उलटलेली. नंतर आकडे वयानुसार पाहिल्यावर आज तज्ज्ञांचं म्हणणं असं की 60 च्या आतल्या किंवा मेनोपॉज होऊन 10 वर्षं न झालेल्या, त्रास असलेल्या आणि बाकी अडचण नसलेल्या बायकांमध्ये फायदा सहसा धोक्यापेक्षा जास्त असतो. अडचण म्हणजे स्तनाचा कॅन्सर झालेला असणं, रक्ताच्या गाठी होण्याचा इतिहास, लिव्हरचा गंभीर आजार, कारण न कळलेला रक्तस्राव. गर्भाशय असेल तर नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही, सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर गर्भाशयाच्या अस्तराला धोका. आणि स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमोक्सिफेन चालू असेल तर पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन या डिप्रेशनच्या गोळ्या तिचा परिणाम कमी करू शकतात, दोन्ही डॉक्टरांना सगळी औषधं दाखवा. पूर्वी कधी अतिउत्साहाचे, झोपेची गरजच न वाटण्याचे दिवस आले असतील तर तेही सांगा, बायपोलरमध्ये, म्हणजे मूड कधी अति वर तर कधी अति खाली जाण्याच्या आजारात, उपचार वेगळा असतो.

गोळ्यांशिवायचं काय? सीबीटी म्हणजे विचारांच्या सवयींवर काम करणारी थेरपी, तिचा उपयोग मूडला होतो, झोपेला होतो, आणि हॉट फ्लॅशेसचा जाच कमी वाटायलाही होतो. व्यायाम आठवड्याला 150 मिनिटं, झेपेल तसा, दहा दहा मिनिटं करून का होईना. दारूने झोप आणि घाम दोन्ही बिघडतं. पण डिप्रेशन जोरात असेल तेव्हा बाईला चालायला जा, पॉझिटिव्ह राहा असं सांगणं म्हणजे तिच्यावर अजून एक काम टाकणं, आधी तिला उठायची ताकद येऊ दे.

घरच्यांसाठी एवढंच, "तुझं हल्ली फार झालंय" याऐवजी "तू नीट झोपलेली मला बरेच दिवस दिसली नाहीस" असं म्हणून बघा. तिच्या अंगावरची दोन कामं न विचारता उचला, कायमची, एक दिवस नाही. जोडीदाराने हेही समजून घ्या की या काळात योनीमार्गात कोरडेपणा येतो, शारीरिक संबंधांच्या वेळी दुखतं आणि इच्छाही कमी होते, ते नकार म्हणून घेऊ नका. त्यावर तिथेच लावायची साधी औषधं मिळतात आणि बोलायला लाज वाटते म्हणून कित्येक जोडपी वर्षानुवर्षं नुसती गप्प बसतात.

औषध सुरू केल्यावर चौथ्या दिवशी काही होत नाही म्हणून सोडू नका, डिप्रेशनच्या गोळ्यांना फरक दाखवायला दोन ते चार आठवडे लागतात आणि पूर्ण परिणामाला त्याहून जास्त. सुरुवातीला मळमळ, अस्वस्थता होऊ शकते, बहुतेकदा ती कमी होते. नाहीच झाली किंवा मन आणखी खचतंय असं वाटलं तर वाट न बघता डॉक्टरला कळवा. बरं वाटायला लागल्यानंतरही साधारण सहा महिने तरी गोळ्या चालू ठेवतात, आधी डिप्रेशन होऊन गेलं असेल तर जास्त, आणि बंद करताना एकदम नाही, डोस हळूहळू उतरवत. मधल्या काळात पाळीची तारीख, झोप आणि मूड एका वहीत रोज एका ओळीत लिहून ठेवा आणि ती वही प्रत्येक भेटीला सोबत न्या, डोस वाढवायचा की उतरवायचा हे ठरवताना डॉक्टरला त्याचा खूप उपयोग होतो.